दातांचे डाग

दात मुळातच पांढरेशुभ्र नसतात. वरचे दंतवल्क (इनॅमल) अर्धपारदर्शक असते आणि त्यातून खालच्या डेंटिन या थराचा पिवळसरपणा दिसतो. वयाबरोबर दंतवल्क झिजते, म्हणून उतारवयात दात पिवळे दिसणे हा रोग नव्हे. एरवीचे डाग दातावर बसलेले असतात किंवा दातात मुरलेले. इलाज त्यावर ठरतो.

कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत वरून बसणाऱ्या डागांपैकी सर्वांत चिवट डाग मिश्रीचा (मशेरीचा). निपाणीचा तंबाखूपट्टा इथून जवळच आहे. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजून, चुरून केलेली ही पूड अनेक बायका रोज बोटाने दातांवर घासतात. त्यांच्या लेखी ते दात घासणेच असते, पण निकोटीन तोंडातल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरते. म्हणून तर एकदा लावून भागत नाही, दिवसातून तीन-चारदा डबी निघते. हिरड्या खाली सरकतात, मुळे उघडी पडतात. गालाच्या आत उठलेला पांढरा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. डाग काढायला आलेल्या बाईच्या गालाची आतली बाजू आणि जीभ आधी पाहिलीच पाहिजे.

चहा, पानातला कात, लोहाचे पातळ औषध आणि आठवडेच्या आठवडे वापरलेली क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची गुळणी यांचेही डाग वरचेच. दंतवैद्य ते स्केलिंग (मशीनने कीटण, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, खरवडणे) व पॉलिशिंगने काढतात. ‘मशीन लावलं की दात हलतात’ ही भीती सर्वत्र आहे आणि तिने फार नुकसान केले आहे. दाताचा आधार कीटणामुळे आधीच गेलेला असतो. कीटण निघाल्यावर तो हलतो हे फक्त जाणवते.

मुरलेल्या डागांची कारणे वेगळी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे येतात. भारतीय मानकात लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले आहे. दुसरे पाणी नसेल तरच १.५ पर्यंत. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, दिलेले टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक कॅल्शियमला चिकटते आणि दात करडे-तपकिरी करते. तालमीत झटापटीत मार बसलेला दात तेव्हा धड दिसतो. आतली नस मेली, की काही महिन्यांनी काळवंडतो. अशा दाताला रूट कॅनाल (आतली मेलेली नस काढून पोकळी भरणे) करून आतून ब्लीच करता येते.

बाहेरून ब्लीच करताना पेरॉक्साइड वापरतात. दात काही दिवस शिवशिवतात. लिंबू, खडेमीठ वा कोळशाच्या पुडीने मात्र दंतवल्कच झिजते आणि पिवळेपणा उलट वाढतो. खोल पट्ट्यांवर कंपोझिट (दाताच्या रंगाचा भराव) किंवा व्हीनियर (दातावर चिकटवायचे पातळ कवच) बसवतात. ब्लीचने कॅपचा आणि दातात भरलेल्या सिमेंटचा रंग बदलत नाही. म्हणून ब्लीच आणि कॅप दोन्ही करायचे असेल तर ब्लीच आधी, दोनेक आठवड्यांनी रंग स्थिरावल्यावर त्याला जुळणारी कॅप.