पोक्सोची तक्रार : कोण करू शकतं, कुठे करायची, कागद काय लागतात

शाळेत, मठात, मदरशात किंवा चर्चच्या होस्टेलवर लेकराशी कुणी वाईट वागलं की पहिला सल्ला हमखास येतो, आधी हेडसरांना नाहीतर ट्रस्टींना भेटा, बघू काय ते. कायद्यात ही पायरीच नाहीये. २०१२ च्या पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १९ म्हणतं की १८ वर्षांखालच्या मुलावर (मुलगा असो वा मुलगी) लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी थेट पोलिसांना कळवायचं, आणि हे कुणीही करू शकतं, आईबाप, शेजारी, शिपाई, खुद्द ते मूलसुद्धा.

कागदपत्रं? तक्रार द्यायला काहीच लागत नाही. आधार आणा, जन्मदाखला आणा म्हणून परत पाठवत असतील तर उठायचं नाही. वयाचा पुरावा तपासात लागतो, शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर सांगा (हद्द कुठलीही असो, गुन्हा तिथेच नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा), एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घेऊनच निघा. रात्रीबेरात्री १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आणीबाणीचा नंबर) आहेच.

मुलाला ठाण्यात बसवून ठेवायचं नाही, जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, शक्यतो महिला पीएसआयने आणि साध्या कपड्यात घ्यायचा. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि स्पेशल कोर्टाला कळवायचं असतं, समितीकडे सपोर्ट पर्सन (तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहून मदत करणारी व्यक्ती) मागून घ्या, खूप आधार होतो.

आता संस्थेचं. कळूनही गप्प बसलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर १ वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कारणाने गुन्हा लागला होता. त्याआधी २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या होस्टेल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने न कळवणं हाच गंभीर गुन्हा म्हटलंय, तिथे तर प्रश्न कळूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरचा होता. शाळेतल्या किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसानेच तिथल्या मुलावर हे केलं असेल तर शिक्षा वाढते, देवाधर्माच्या नावाने सूट बिट काही नाही.

खोटं निघालं तर आपल्यावरच उलटेल या भीतीने लोक मागे सरतात, पण चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही लागत नाही, शिक्षा मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला आहे. आणि मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका, रागातसुद्धा नको, ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा लागतो.