आधी कॅमेऱ्यातली फाइल बघा, मग मशीन

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत लग्नं, मुंजी, दिवाळी पहाट आणि दहीहंडीचं फुटेज कापून पोट भरणारे एडिटर गल्लोगल्ली आहेत. नवं मशीन घ्यायची वेळ आली की त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘इंटेलचा आय-सेव्हन प्रोसेसर घेऊ की आय-नाइन?’ तक्रारही ठरलेली. ज्या मशीनवर घरातला मुलगा भारीतले गेम खेळतो, त्याच मशीनवर कॅमेऱ्यातली क्लिप टाइमलाइनला टाकली की अडखळते. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा. रॅम वाढते, अडखळणं तसंच राहतं.

कारण बहुतेक वेळा फाइलच्या पोटात असतं. फोर-के चित्राच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एक फ्रेम २५ मेगाबाइटची झाली. सेकंदाला २५ फ्रेम म्हटलं की सेकंदाचे ६२२ मेगाबाइट आणि तासाचे जवळपास सव्वादोन टेराबाइट. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर येतात, सेकंदाला १०० मेगाबिटच्या हिशेबाने (आठ बिटांचा एक बाइट), सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. पन्नासातले एकोणपन्नास भाग कॅमेऱ्याने जागच्या जागी गाळले. ते अंदाजाने पुन्हा उभे करायचं काम तुमच्या कॉम्प्युटरचं.

२००३ साली आलेलं एच.२६४ आणि २०१३ मधलं एच.२६५ ही व्हिडिओ आवळण्याची दोन्ही तंत्रं किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी चालतात. एक तारखेला पूर्ण बाकी लिहायची, पुढे रोज काय वाढलं नि काय फिटलं तेवढंच. वही बारीक राहते, पण सतरा तारखेची बाकी हवी असेल तर पहिल्यापासून बेरीज करत यावं लागतं. व्हिडिओतही अर्ध्या-एक सेकंदाला एखादीच फ्रेम पूर्ण असते. मधल्या फ्रेममध्ये ‘मागचा हा तुकडा चार ठिपके उजवीकडे सरकला’ अशा नोंदी असतात, आणि काही नोंदी तर पुढच्या फ्रेमचाही आधार घेतात. व्हिडिओ सरळ बघणाऱ्याला याचा त्रास होत नाही. एडिटर मात्र सरळ बघतच नाही. तो ‘जे’ दाबून उलटा जातो, मधेच थांबतो, नवरीने नेमकं कधी वर पाहिलं ते शोधत एकेक फ्रेम मागे सरकतो. मागच्या अशा पावलाला कॉम्प्युटरला बऱ्याचदा आधीची पूर्ण फ्रेम गाठून पुन्हा बेरीज करत यावं लागतं.

घाणेकर नाट्यगृहातल्या मुलाखतीत दोन खुर्च्या आणि पडदा जागचे हलत नाहीत, त्यामुळे नोंदी थोड्या. टेंभी नाक्याच्या दहीहंडीत पाण्याचे फवारे, उडणारे कागदाचे कपटे, हलणारे हजारो हात. मागच्या फ्रेमवरून पुढची सांगता येईल असं फार थोडं उरतं. कॅमेऱ्याला तरी ते त्याच १०० मेगाबिटमध्ये कोंबायचं असतं, म्हणून थरांच्या कडांना चौकोनी डाग दिसतात. हे डाग किती महागडं मशीन आणलं तरी पुरते जात नाहीत. शूटिंगच्या वेळीच बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायच्या मेगाबिटांचा आकडा, वाढवायला हवा होता.

आता गेमचं कोडं. ही बेरीज करण्यासाठी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये किंवा ग्राफिक कार्डावर एक स्वतंत्र छोटा भाग असतो, डिकोडर. गेमचं चित्र रंगवणाऱ्या भागाशी त्याचा संबंध नाही. इंटेलने तो ‘क्विक सिंक’ या नावाने २०११ मध्ये प्रोसेसरमध्ये आणला. गोम अशी की डिकोडर ठरावीक प्रकारच्याच फाइली उलगडतो. मोबाइल आणि साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने रंग साठवतात, म्हणजे चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, त्यामुळे हे खपून जातं. सोनी, कॅननच्या अलीकडच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत मात्र १० बिट ४:२:२ असतं. तिथे दर दोन ठिपक्यांमागे रंगाची नोंद आणि प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा. कलर ग्रेडिंगला, म्हणजे नंतर रंग सुधारायला, हे उत्तम, पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना अशी फाइल उलगडता येत नाही. ती सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. एच.२६५ च्या ४:२:२ फाइली इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र अकराव्या पिढीपासून उलगडतं.

म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात थोड्या कमी किमतीत मिळणारा, नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर एडिटरने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या ‘एफ’चा अर्थ अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. एएमडीचा रायझन प्रोसेसर घ्यायचा असेल आणि कॅमेरा ४:२:२ वाला असेल, तर जोडीला एनव्हिडियाचं ५० मालिकेचं कार्ड धरा.

कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी राबणारे भाग, किती हवेत यावर दुकानात तासभर वाद होतो. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब तिथे कामाला येतो. समजा कामाचा पाचवा हिस्सा एकापाठोपाठ एकच करता येण्यासारखा आहे. मग ८ कोअरने वेग ३.३ पट होतो आणि १६ कोअरने ४ पट. कोअर हजार लावले तरी ५ पटीच्या पुढे जात नाही. दुपटीचे कोअर घेऊन वीस टक्के वेग मिळणार असेल, तर ते पैसे ग्राफिक कार्डाच्या मेमरीत घातलेले बरे. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर रंगाचा हिशेब ३२ बिटांत करतं. तीन रंग आणि पारदर्शकता धरून एका ठिपक्याला असे चार आकडे, म्हणजे १६ बाइट लागले तर फोर-केची एक फ्रेम १३३ मेगाबाइटची होते. ८ गिगाबाइटच्या कार्डात अशा साठच मावतात. रात्रीच्या वरातीतले दाणे काढायला नॉइज रिडक्शन लावलं की आजूबाजूच्या फ्रेमही एकाच वेळी लागतात, आणि मग ‘जीपीयू मेमरी फुल’ अशी पाटी येते. १२ गिगाबाइटच्या खाली जाऊ नका, १६ असेल तर उत्तम.

रॅमचं थोडक्यात: १६ गिगाबाइट अपुरी, ३२ चालेल, आफ्टर इफेक्ट्स हे अॅनिमेशन-इफेक्टचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर ६४.

डिस्कबद्दल लोक उगाच जास्त खर्च करतात. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम म्हणजे सेकंदाला ३७.५ मेगाबाइट. एवढं साधी हार्ड डिस्कही देऊ शकते, तरी अडखळते, कारण तिची सुई तीन फाइलींमध्ये उड्या मारत राहते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला नुसता अर्धा फेरा पुरा व्हायला ४ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे चालू कामाला सेकंदाला ५५० मेगाबाइट देणारी साधी सॅटा एसएसडीही पुरते. हार्ड डिस्क ठेवा, पण जुनी लग्नं साठवायला आणि बॅकअपला.

मे महिन्यातला उकाडा कोटेशनमध्ये कुणी धरत नाही. इंटेलच्या आय-नाइन १४९००के या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे. कूलर खोलीच्या हवेनेच थंड करतो. एसी लावलेल्या २४ अंशांऐवजी खोलीत ३५ असेल, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच, ११ अंशांनी जास्त तापतो. १०० अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो. मग महागडा आय-नाइन भर दुपारच्या तासाभराच्या एक्स्पोर्टमध्ये आय-सेव्हनच्या पंगतीला येऊन बसतो. घोडबंदर रोडच्या धुळीत कॅबिनेटला जाळी हवी आणि ती दर महिन्याला झाडायला हवी. यूपीएस साइन वेव्हवाला घ्या. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या यूपीएसवर काही चांगले एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) नेमके वीज गेल्यावर बंद पडतात.

हातात जुनंच मशीन असेल तर प्रॉक्सी करा. प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवणाऱ्या प्रोरेससारख्या प्रकारात छोट्या प्रती बनवून त्यांवर कापाकापी करायची, आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरून. रात्री लावून झोपायचं काम आहे.

नवं घेताना मात्र आपल्या कॅमेऱ्यातली क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. तिथल्या एसएसडीवर ती कॉपी करा, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूखालचा ‘व्हिडिओ डिकोड’ हा आलेख उघडा. आलेख सपाट आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, असं दिसलं तर डिकोडर बसून आहे. आलेख हलत असेल तर ‘जे’ दाबून क्लिप उलटी चालवून बघा, आणि मगच बिल करायला सांगा.