मेंढा (लेखा) : कंसातल्या गावाची पार्श्वभूमी

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं गाव, शंभरेक घरं, लोकसंख्या पाचशेच्या आसपास. एवढ्याशा वस्तीला वेगळी ग्रामपंचायत कोण देणार, म्हणून कारभार २०२४ पर्यंत शेजारच्या लेखाच्या गटग्रामपंचायतीत, म्हणजे काही गावांच्या मिळून एका पंचायतीत, होता. नावापुढचा कंस त्यातलाच.

जमीनदारीच्या काळापासून लोक जंगलातून लाकूडफाटा, बांबू आणायचे, त्याला निस्तार म्हणतात. १९५० नंतर जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे गेलं आणि पुढे बांबू कागद कारखान्याला. ज्यांच्या दारात जंगल त्यांनाच चोर ठरवलं, सरळ सांगायचं तर.

८० च्या दशकापासून इथे सगळे निर्णय सर्वसहमतीने, मतदान नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा ऐकली असेलच. २००९ ला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू हे झाड की गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, यावर वनखातं अडून बसलं. २००६ च्या या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलाय तरी बांबू बाहेर नेण्याचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं.

खरा घोळ मात्र 'ग्रामदान' या शब्दाचा. नाव ऐकलं की वाटतं जमीन कुणाला तरी देऊन टाकली, तसं नाहीये, मालकी ग्रामसभेकडे जाते, कसणारा आपला तुकडा कसतच राहतो, फक्त बाहेरच्याला विकता येत नाही. २०१३ ला गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली हे केलं. त्या कायद्याने ग्रामदानी गावाचा कारभार स्वतंत्र चालतो, ग्रामपंचायतीचे अधिकार गावाकडेच येतात, म्हणजे लोकसंख्येची अट आपोआप बाजूला पडते, आणि नेमकं इथेच घोडं अडलं. कायदा रद्द झालेला नाही, गावात कुणाची तक्रार नाही, तरी फाईल वर्षानुवर्षं पडून. पाचशे लोकांना पंचायत दिली तर उद्या प्रत्येक टोला, म्हणजे छोटी वस्ती, मागेल, असाही सूर असतो, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, खर्च आणि कर्मचारी कुठून आणायचे हा प्रश्न राहतोच. पण मग कायद्यात लिहिलंच कशाला? शेवटी गाव हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं आणि २०२४ च्या सुरुवातीला सरकारने मेंढ्याला स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा देणारी अधिसूचना काढली.

कंस मात्र अजून लोकांच्या तोंडी तसाच आहे.