नागपूरचं ऊन आणि व्हिटॅमिन डी

फिरत राहणारा मेसेज असा: ‘नागपुरात एवढं ऊन, इथे व्हिटॅमिन डी कमी पडूच शकत नाही.’

असं वाटणं साहजिक आहे. पण त्वचेत डी तयार होतं ते उष्णतेने नाही, तर उन्हातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील-बी (यूव्ही-बी) किरणांमुळे. ही किरणं उघड्या त्वचेवर थेट पडावी लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की आपण कूलरसमोर असतो, बाहेर पडलोच तर दुपट्टा, हातमोजे घालून. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण ती किरणं काच जवळपास पूर्ण अडवते. त्यात सावळ्या त्वचेला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो.

अगदी कोवळ्या उन्हातही ही अतिनील-बी किरणं फार कमी असतात, कारण सूर्य खाली असतो. आपली सावली पाहा: उंचीपेक्षा बरीच लांब असेल तर डी नाममात्रच बनतं. मे महिन्यात नऊच्या सुमारास ती उंचीएवढी होते, डिसेंबरात थेट बाराच्या आसपास.

म्हणून भर दुपारी तापत बसायचं का? मुळीच नाही! उष्माघाताचा धोका तर आहेच, शिवाय हीच किरणं त्वचेच्या कर्करोगाचं कारण ठरतात. सावळ्या त्वचेत तो कमी आढळतो, पण होतो, कधी तळपायावर किंवा नखाखालीही, जिथे उन्हाचा संबंध नसतो. न भरणारी जखम किंवा बदलणारा डाग डॉक्टरांना दाखवाच.

डी कमी आहे की नाही, हे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही रक्ततपासणी सांगते. साधारणपणे २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरखाली कमतरता मानतात. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. अति डीमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं.