नऊ काड्या आणि चिखलाची उंची

खाडीकाठचा चिखल वर येतोय की खचतोय, हे नुसतं बघून कळत नाही. फरक असतो वर्षाला काही मिलिमीटरचा. आणि चिखल असा, की पाय टाकला तर गुडघाभर आत. तिथे मिलिमीटर मोजायचा कसा?

त्याआधी तो मोजायचा कशासाठी, ते सांगतो. उपग्रहांच्या नोंदी १९९३ पासूनच्या आहेत. त्यांच्यानुसार जगातल्या समुद्राची पातळी वर्षाला सरासरी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढत आली आणि अलीकडे हा वेग चार मिलिमीटरच्या पुढे गेलाय. पण खाडीतली दलदल मुकाट्याने बुडत नाही. भरतीसोबत आलेला गाळ गवतात आणि तिवरांच्या श्वासमुळांत अडकतो, जमिनीखाली मुळं वाढत राहतात आणि चिखल पाण्याबरोबर वर चढतो. हजारो वर्षं हे असंच चाललंय. आता पाण्याने वेग घेतल्यावर चिखलाला ते जमतंय का, एवढंच पाहायचं आहे.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात हे काम फार चिकाटीने चालतं, कारण तिथे गेलंच तेवढं आहे. १९३२ ते २०१६ या काळात या राज्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्याखाली गेली. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपी नदीला दोन्ही बाजूंनी मजबूत बांध घातले गेले. पूर थांबले, पण पुराबरोबर दलदलीत पसरणारा गाळही थांबला. वरच्या अंगाला धरणं झाल्यावर नदीतला गाळच निम्म्यावर आला. शिवाय तिथली जमीन मुळातच खचणारी. ग्रँड आइल इथल्या भरतीमापकावर पाणी जमिनीच्या तुलनेत वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर चढताना दिसतं. म्हणून तिथे किनाऱ्यावर जवळपास ३९० ठिकाणी दलदलीच्या कायमच्या नोंदी ठेवल्या जातात.

मोजणीची पद्धत पाहिली, की माणसाच्या कल्पकतेचं कौतुक वाटतं. स्टेनलेस स्टीलच्या सळया एकीला एक जोडत चिखलात ठोकत जायचं, पुढे सरकेनाशा होईपर्यंत. कधी कधी वीस मीटरच्याही खाली. आता वरचा चिखल कितीही हलला तरी हा खुंट त्याच्याबरोबर हलणार नाही. मोजायच्या दिवशी त्यावर एक आडवा हात बसवायचा, त्यातून नऊ काड्या अलगद खाली सोडायच्या, टोक चिखलाला जेमतेम टेकेल इतक्याच. प्रत्येक काडी हाताच्या वर किती उरली ते पट्टीने मोजायचं. मग हात फिरवून पुढची दिशा. चार दिशा, छत्तीस आकडे. मोजणारा बाजूच्या फळीवर बसलेला किंवा पालथा पडलेला असतो, कारण त्याचं एक पाऊल चिखलात पडलं तर वर्षाची नोंद वाया. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले डोनाल्ड कहून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पक्की केली. आज ती जगभर वापरतात.

जोडीला दुसरी युक्ती. चिखलावर फेल्स्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवायची. काही महिन्यांनी तिथे तांब्याची नळी खुपसायची आणि तिच्यात द्रवरूप नायट्रोजन सोडायचा. भोवतीचा चिखल गोठतो आणि नळीसकट अख्खी कुल्फी वर येते! कुल्फीत पांढरी रेघ किती खोल आहे ते बघितलं, की वर किती गाळ साचला ते कळतं.

दोन्ही मापं शेजारी ठेवली की गोष्ट उलगडते. समजा ८ मिलिमीटर गाळ साचला, पण काड्या सांगतात की जमीन ३ मिलिमीटरच वर आली. मग ५ मिलिमीटर खाली दबले. नुसता गाळ मोजणारा खुशीत राहिला असता. मात्र खुंटाच्या तळाखालची जमीनही खचत असेल, तर काड्यांना त्याचा पत्ता लागत नाही. ते जीपीएसने वेगळं पाहावं लागतं.

मुळांचं महत्त्वही याच काड्यांनी दाखवलं. १९९८ च्या मिच चक्रीवादळात होंडुरासच्या ग्वानाहा बेटावरची कांदळवनं मेली. मुळं कुजली आणि खालची जमीन वर्षाला सेंटिमीटरभर खाली बसू लागली. कांदळवन तोडतात तेव्हा झाडांबरोबर जमिनीची उंचीही जाते, ती अशी. २०१५ मध्ये शास्त्रज्ञ कॅथरीन लव्हलॉक आणि सहकाऱ्यांनी हिंदी-प्रशांत पट्ट्यातल्या कांदळवनांचे आकडे एकत्र मांडले. सुमारे ६९ टक्के ठिकाणी जमीन समुद्राच्या मागे पडत होती. गाळ भरपूर तिथे तग, गाळ कमी तिथे हाल.

म्हणून मला ठाण्याच्या खाडीची काळजी वाटते. २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, त्याचा आनंद आहेच. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून आहे. पण ती पाण्याची नोंद, तिवरांखालच्या चिखलाची नव्हे. पाणी चढलं की तिवरं एरवी जमिनीकडे सरकतात. इथे मागे बांध, रस्ते आणि इमारती. सरकायला जागा नसलेल्या झाडांना चिखलासोबत वर चढणं एवढंच उरतं. ती चढतायत का हे सांगणारा कल हाती यायला निदान चार-पाच वर्षांच्या नोंदी लागतात, त्याही त्याच खुंटावर, त्याच फळीवरून घेतलेल्या.