बाण वाकतो म्हणून नेमका जातो

बांबूची कांब, सुतळीची दोरी, खराट्याचा हीर आणि हिराच्या टोकाला डांबराची गोळी. उन्हाळ्याच्या सुट्टीतला आमचा तिरकमठा एवढाच. गोळी नसली की हीर चार पावलांवर गिरकी घेऊन आडवा पडायचा. गोळी फार मोठी झाली की सुटतानाच वेडावाकडा व्हायचा. दोष अर्थात कांबेचा, अशी आमची खात्री. मग आम्ही जास्त ताठ कांब शोधून आणायचो, आणि बाण आधीपेक्षाही वाईट उडायचा. याचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही हातात खरं लाकडी धनुष्य आल्यावर.

साध्या लाकडी धनुष्याची एक अडचण असते. दोरी बरोबर मधोमध असते, पण बाण मधोमध ठेवता येत नाही, कारण तिथे मूठ असते. म्हणून तो मुठीच्या कडेला टेकवावा लागतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डावीकडे बसतो. थोडा हिशोब करू. मूठ 30 मिलिमीटर रुंद आणि बाण 8 मिलिमीटर जाड धरला, तर बाणाचा मध्य धनुष्याच्या मध्यापासून 19 मिलिमीटर बाजूला पडतो. दोरी 70 सेंटिमीटर मागे ओढलेली असताना हा तिरपेपणा जेमतेम दीड अंश असतो. पण दोरी सुटून मूळ जागी, मुठीपासून 17 सेंटिमीटरवर येते, तेव्हा तोच कोन सहा अंशांच्या वर जातो. त्या दिशेने बाण निघाला तर 20 मीटरवरच्या लक्ष्याच्या तो दोन मीटर डावीकडून जायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही. धनुष्याशी जुळलेला बाण नेम धरला तिथेच जातो. डॉ. रॉबर्ट एल्मर या अमेरिकी तिरंदाजाने या कोड्याला ‘तिरंदाजाचा विरोधाभास’ असं नाव दिलं.

कोड्याची उकल 1930 च्या दशकात झाली, ती अतिवेगवान छायाचित्रणामुळे. बेल लॅबोरेटरीजमधला भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन तिरंदाजीचा शौकीन होता. त्याने बाण सुटतानाचे क्षण टिपले. त्यात दिसलं की बाण धनुष्याला घासत जात नाही, सापासारखा वळसा घालून जातो. बोटांवरून सटकताना दोरी थोडी बाजूला सरते आणि बाणाची शेपूटही सरकवते. पुढे जड टोक हलायला कुरकुरतं, मागून दोरी रेटते, आणि मधली काडी दाबली जाऊन वाकते. आधी तिचं पोट धनुष्याकडे फुगतं, मग उलट बाजूला, मग पुन्हा धनुष्याकडे. या शेवटच्या झोक्यात शेपूट बाहेरच्या बाजूला असते. नेमक्या त्याच वेळी ती मुठीजवळून जात असेल, तर पिसं लाकडाला न शिवता निघून जातात.

सगळी गंमत त्या ‘नेमक्या वेळी’मध्ये आहे. दोरी सुटल्यापासून बाण तिच्यापासून वेगळा होईपर्यंत सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धा जेमतेम जातो. तेवढ्यात बाणाचं साधारण एक कंपन पूर्ण व्हायला हवं. काडी फार ताठ असेल तर ती वळसा घालत नाही, शेपूट मुठीवर आपटते आणि बाण डावीकडे फेकला जातो. फार लवचीक असेल तर झोका लांबतो आणि बाण उजवीकडे जातो, फारच नाजूक असेल तर सुटतानाच मोडतो. (डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.) आमची चूक इथेच होती. आम्ही कांब ताठ करत गेलो आणि हीर तोच ठेवला, म्हणजे तिच्या मानाने तो फार लवचीक ठरत गेला.

बाणाच्या या ताठपणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात. तो मोजायचं उपकरण घरीही करता येतं. दोन खिळ्यांमध्ये 66 सेंटिमीटर अंतर ठेवून त्यांवर काडी आडवी ठेवायची, मधोमध 907 ग्रॅम म्हणजे दोन पौंड वजन टांगायचं आणि काडी किती मिलिमीटर खाली झुकते ते बघायचं. 660 ला त्या आकड्याने भागलं की पौंडांतला स्पाइन मिळतो. काडी 13.2 मिलिमीटर झुकली तर स्पाइन 50. म्हणजे ढोबळमानाने ही काडी 50 पौंडांच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, धनुष्याच्या आसपासची.

‘आसपासची’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण खिळ्यांवर पडून राहिलेला बाण आणि धनुष्यातून सुटणारा बाण यांच्यात फरक असतो. उभ्या खांबावर भार वाढवत नेला की तो कधी बाजूला वाकतो, याचं गणित लिओनार्ड ऑयलरने 18 व्या शतकात मांडलं. बाणाचं दुखणं त्याच जातीचं. काडी लांब असेल तर लवकर वाकते, म्हणून जास्त लांब बाणाला जास्त स्पाइन लागतो. टोक जड असेल तर ते पुढे जायला अधिक वेळ घेतं, मधली काडी जास्त दाबली जाते आणि बाण मऊ असल्यासारखा वागतो. आमची मोठी डांबराची गोळी हेच करत होती. लहान गोळी मात्र उपकारक होती, कारण वजन पुढे असलं की बाण उडताना तोंड पुढे ठेवतो. मूठ रुंद असेल तर वळसा मोठा, म्हणून थोडी मऊ काडी चालते. मुठीत मधापर्यंत खाच कापलेली असेल तर जास्त ताठ काडी हवी.

जाडीचा परिणाम मात्र चक्रावून टाकणारा आहे. गोल काडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. 7.9 मिलिमीटरऐवजी 8.7 मिलिमीटरची काडी घेतली, तर जाडी दहा टक्क्यांनी वाढते आणि ताठपणा जवळपास दीडपट होतो. म्हणून ताठ काडी पॉलिश पेपरने घासून मऊ करता येते. मऊ काडी ताठ करायची तर ती कापून आखूड करणं किंवा टोक हलकं करणं, एवढंच हातात उरतं.

लाकूड हे लाकूडच असतं. एकाच झाडाच्या, एकाच यंत्रावर गोल केलेल्या डझनभर काड्या घेतल्या तरी त्यांचे स्पाइन वेगवेगळे निघतात. अमेरिकेत ओरेगनच्या किनारपट्टीवरचं पोर्ट ऑर्फर्ड सीडर बाणांसाठी नावाजलेलं आहे. त्याचे धागे सरळ असतात आणि ते हलकं असून ताठ असतं. मुळं कुजवणाऱ्या एका रोगाने या झाडांना ग्रासल्यावर स्प्रूस आणि पाइनकडेही लोक वळले. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर हजारो बाण सापडले, त्यांतले बहुतेक पॉपलरचे. गर्दीवर बाणांचा पाऊस पाडणाऱ्या सैनिकाने एकेक काडी खिळ्यांवर ठेवून मोजली असेल असं मला वाटत नाही. पण 20 मीटरवर एकाच ठिपक्याभोवती सहा बाण रोवायचे असतील, तर मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

एकाच काडीचा स्पाइनही ती कशी फिरवली त्यावर बदलतो, कारण वार्षिक वलयांच्या रेषांमुळे लाकूड सगळीकडे सारखं वाकत नाही. म्हणून दोरीची खाच या रेषांना काटकोनात कापतात. मग प्रत्येक बाणात धनुष्याकडे सारखीच बाजू येते.

दोरी बोटांऐवजी अंगठ्याने ओढली तर ती सुटताना उलट बाजूला सरते, म्हणून तुर्की, मंगोल आणि मुघल तिरंदाज बाण धनुष्याच्या उजवीकडे ठेवत. शाहजहानची अंगठ्यात घालायची जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. द्रोणांनी एकलव्याकडे अंगठाच का मागितला, हेही अशा पकडीचा विचार केला की पटतं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, ते कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या लावलेल्या धनुष्यावर. त्यात बाण जवळजवळ मधोमध बसतो आणि दोरी यांत्रिक कळीने सुटते, त्यामुळे हा आडवा झोका फारसा उरत नाही.

लाकडी बाणाची खरी परीक्षा पिसं लावण्याआधी होते. पिसं चुका झाकतात. वाकडा निघालेला बाण ती वाटेत सरळ करतात, पण वेग खाऊन. म्हणून दहा-बारा मीटरवर आधी पिसांचे बाण मारायचे, मग त्याच मापाची उघडी काडी. ती डावीकडे रुतली तर ताठ, उजवीकडे रुतली तर मऊ. काड्या सुरुवातीला लांबच ठेवायच्या आणि एका वेळी अर्धा सेंटिमीटर कापायचं. माझ्या पहिल्या डझनातले सात बाण असे जुळले. तीन आखूड करण्याच्या नादात वाया गेले. उरलेल्या दोघांवर मी पेन्सिलने 38 लिहून ठेवलंय. आता त्यांच्यासाठी हलकं धनुष्य शोधतोय.