गोकर्णीचा निळा रंग पाण्यात टिकतो कसा?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गोकर्णीच्या फुलांचा अर्क चिप्स, क्रॅकर्स, नाश्त्याची सिरियल्स अशा पदार्थांत रंग म्हणून वापरायला परवानगी दिली. सरबतं, आइस्क्रीम, गोळ्या यांच्यासाठी ती २०२१ सालीच मिळालेली होती. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०२२ साली याच वेलाची सुकवलेली फुलं अन्न म्हणून बाजारात आणण्यावर सुरक्षेचे आक्षेप नोंदवले. आणि इकडे समाजमाध्यमांवर या फुलांचा ‘ब्लू टी’ प्यायल्याने चरबी वितळते, शरीर ‘डिटॉक्स’ होतं, चष्मा उतरतो, असे दावे रोज फिरताहेत. कुंपणावर चढणारा, फुलं परडीत टाकली की आपण विसरून जातो असा हा साधा वेल. त्याच्याबद्दल इतकी उलटसुलट मतं का, हे समजायला त्याच्या रसायनात थोडं शिरावं लागतं. ते रसायन फार सुंदर आहे.

गोकर्णी, गोकर्ण, अपराजिता ही आपल्याकडची नावं. फुलाची मोठी पाकळी गाईच्या कानासारखी, म्हणून गोकर्ण. शास्त्रीय नाव ‘क्लिटोरिया टर्नेटिया’. १७५३ साली लिनिअसने ते दिलं, आणि त्यातलं ‘टर्नेटिया’ आलं इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून. कुळ वाटाण्याचं, म्हणजे वाल, चवळी, तूर यांची ही सख्खी नातलग. चपटी शेंग बघितली की नातं लगेच पटतं. वाटाण्याच्या फुलात एक मोठी ध्वज-पाकळी वर उभी असते, दोन पंख बाजूला आणि दोन पाकळ्यांची मिळून झालेली नौका खाली. गोकर्णीत हे सगळं उलटं असतं. ध्वज-पाकळी खाली अंथरलेली आणि नौका वर. मधमाशी त्या निळ्या पायघडीवर उतरून पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्याच्या रोखाने आत शिरली की पुंकेसर तिच्या पाठीला घासतात. वाटाण्याच्या फुलात हाच पराग माशीच्या पोटाला लागतो. उद्या सकाळी फूल खुडाल तेव्हा ते देठाशी धरून नीट बघा.

आता रंगाकडे येऊ. जांभूळ, कोकम, जास्वंद, लाल कोबी या सगळ्यांचे लाल-जांभळे रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचे असतात. गोकर्णीचा रंगही याच गटातला. ही रंगद्रव्यं भोवतालच्या आम्लतेप्रमाणे, म्हणजे सामू किंवा पीएचप्रमाणे, रंग बदलतात (आम्लता जितकी कमी, तितका सामू जास्त). अतिआम्ल पाण्यात रेणूवर धन प्रभार असतो आणि तो लाल दिसतो. सामू वाढला की रेणू एखादा प्रोटॉन सोडून देतो, त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो वेगळ्या लांबीच्या लहरी शोषू लागतो आणि आपल्याला जांभळा, मग निळा दिसतो.

इथवर शाळेतलं लिटमसचं ज्ञान पुरतं. पण मग कोकम सरबतात सोडा टाकला तर तेही गोकर्णीसारखं सुरेख निळं व्हायला हवं, आणि ते तसं होत नाही. कोकमाचा रंग टिकतो तो कोकम आंबट आहे म्हणून. सामू चार ते सहाच्या पट्ट्यात गेला की साध्या अँथोसायनिनवर पाण्याचा हल्ला होतो. या रेणूच्या मधल्या कड्यात, म्हणजे अणूंच्या वर्तुळात, एक कार्बन अणू असा असतो की पाण्याचा रेणू तिथे येऊन चिकटू शकतो. तो चिकटला की रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पसरलेली दुहेरी बंधांची साखळी तुटते. दृश्य प्रकाश शोषण्याची ताकद त्या साखळीतच असते, त्यामुळे रंगच नाहीसा होतो. सामू आणखी वाढला तर कडं उघडून पिवळट पदार्थ तयार होतो. निसर्गातला निळा खाद्यरंग इतका दुर्मीळ आहे तो यामुळे. निळं होण्यासाठी सामू वाढायला हवा, आणि तो वाढला की पाणी रंग खाऊन टाकतं.

गोकर्णीने यावर काय तोड काढली आहे ती बघा. तिच्या रंगद्रव्यांना टर्नाटिन म्हणतात. मधला गाभा डेल्फिनिडिन, वांग्याच्या सालीत असतो तोच. पण या गाभ्याच्या एका कड्याला दोन्ही बाजूंनी दोन लांब हात जोडलेले असतात. पूर्ण लांबीच्या हातात ग्लुकोज, मग कुमॅरिक आम्ल, पुन्हा ग्लुकोज, पुन्हा कुमॅरिक आम्ल आणि टोकाला आणखी एक ग्लुकोज, अशी माळ असते. सर्वांत मोठ्या, टर्नाटिन ए-१ या रेणूत सात ग्लुकोज, चार कुमॅरिक आम्लं आणि एक मॅलोनिक आम्ल असतं, कार्बनचे एकूण ९६ अणू. कुमॅरिक आम्लाचं कडं सपाट असतं, आणि रंगाचा गाभाही सपाट. सपाट कडी एकमेकांवर रचून बसायला बघतात, ताटावर ताट बसावं तशी. ग्लुकोजचे सांधे लवचीक असल्याने ते दोन्ही हात आत वळतात आणि कुमॅरिक कडी गाभ्याच्या वर आणि खाली झाकणासारखी बसतात. पाण्याला त्या नाजूक कार्बनपर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. म्हणून सामू चार असो की आठ, रंग उडत नाही.

या रचनेचा आणखी एक परिणाम होतो. गाभा आणि झाकण इतके जवळ आल्याने रंगाचं शोषण लांब लहरींकडे सरकतं. गोकर्णीचं उदासीन पाणी साधारण ५७५ आणि ६२० नॅनोमीटरजवळचा पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतं, आणि उरतो तो निखळ निळा. हायड्रेंजियाच्या निळ्या फुलाला मातीतलं ॲल्युमिनियम लागतं, आपल्याकडच्या केना या रानवनस्पतीच्या जपानी भावंडाला मॅग्नेशियम लागतं. गोकर्णीचं निळेपण मात्र धातूवाचून आहे. फिकट जांभळ्या फुलांच्या वाणात हे दोन हात नसतात, आणि म्हणूनच तो वाण निळा होत नाही. पांढऱ्या गोकर्णीत तर अँथोसायनिनच नसतं, तेव्हा पांढऱ्या फुलांचा ‘ब्लू टी’ होईल ही आशा ठेवू नये.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी. मंतरलेल्या सुरीने लिंबू कापताच ‘रक्त’ येतं, हा बुवांचा प्रयोग याच गटातल्या रंगाचा आहे. सुरीच्या पात्याला जास्वंदीचा रस आधीच फासून वाळवलेला असतो आणि लिंबाच्या आम्लाने तो लालभडक होतो. करणी उतरवण्यासाठी त्याचे पैसे मोजणाऱ्या घरात हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. दहा मिनिटांत भीती जाते.

स्वयंपाकात हे फूल आपल्यापेक्षा मलेशिया आणि थायलंडने खूप आधी आणि खूप हुशारीने वापरलं. मलेशियातल्या केलांतान प्रांताचा ‘नासी केराबू’ हा निळा भात, सोबत कच्च्या पाल्याची कोशिंबीर, मासळी आणि खोबरं. तिथल्या न्योन्या, म्हणजे चिनी-मलय परंपरेच्या, घरांत चिकट तांदळाचा अर्धा भाग या फुलांच्या पाण्यात भिजवून नारळाच्या दुधात वाफवतात, अर्धा पांढराच ठेवतात, दोन्ही एकत्र दाबून निळ्या-पांढऱ्या वड्या पाडतात. थाई लोक ‘अंचन’ म्हणतात आणि त्याच्या पाण्यात लिंबू व मध घालून पितात. फुलाला स्वतःची चव जवळपास नसते, थोडी कच्च्या वाटाण्याच्या सालीसारखी. त्यामुळे चव हवी असेल तर गवती चहा किंवा आलं घालावंच लागतं. चहाचं पान यात नाही, त्यामुळे कॅफिनही नाही.

फुलं उमललेल्या दिवशी, सकाळीच खुडावीत, कारण फूल एका दिवसाचंच. फवारणी केलेल्या किंवा रस्त्याकडेच्या कुंपणावरची घेऊ नयेत. देठाकडची हिरवी टोपी काढून टाकावी, पाण्याला गवताचा वास येतो तो तिच्यामुळे. सुकवायची असतील तर सावलीत, एका थरात, फडक्यावर पसरून. उन्हात सुकवली की निळी फुलं करडी पडतात, कारण प्रकाश आणि उष्णता दोन्ही रंगद्रव्य तोडतात. पाकळी चुरचुरीत मोडली की सुकली समजावं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवावी. ओलसर राहिली तर बुरशी धरते. बुरशीचा जरा जरी वास आला तर सगळी बरणी फेकावी.

एका कपाला आठ-दहा ताजी किंवा पाच-सहा सुकी फुलं. पाणी उकळून गॅस बंद करावा, मिनिटभर थांबावं, मग फुलं घालून झाकण ठेवावं आणि पाच मिनिटांनी गाळावं. खळखळ उकळत ठेवलं तर रंग गडद न होता मळका होतो.

भातासाठी एक वाटी तांदळाला पंचवीस-तीस ताजी फुलं. अर्धी वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून, चोळून, गाळून ते पाणी भाताच्या पाण्याच्या हिशेबातच धरावं. उकडीच्या मोदकांची पारीही अशीच निळी होते, फक्त उकड काढतानाच रंगीत पाणी वापरावं. पीठ मळताना वरून शिंपडलं तर ठिपके पडतात.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती भात हिरवट झाल्याची. फुलं त्याला जबाबदार नसतात, पाणी असतं. बोअरच्या कठीण पाण्यात बायकार्बोनेट असतात. उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू साडेआठ-नऊपर्यंत चढतो आणि निळ्याचा हिरवा होतो. फुलं घालण्याआधी पाण्यात लिंबाचे दोनच थेंब टाकले की निळा निळाच राहतो. चार-पाच थेंब पडले तर जांभळा. खायचा सोडा घातलेला ढोकळा या रंगाने हिरवटच होणार. आंबवलेल्या इडलीच्या पिठात आम्ल असतं, म्हणून ती जांभळ्याकडे झुकते.

दोन रंगी सरबत हवं असेल तर पेल्यात तळाला दोन चमचे लिंबाचा रस दोन चमचे साखरेत विरघळवून घ्यावा, वर बर्फ भरावा आणि गार निळं पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडावं. साखरेचं पाणी जड असल्याने खालीच राहतं आणि मध्ये जांभळा पट्टा उमटतो. हे लगेच प्यावं. लिंबातलं क जीवनसत्त्व अँथोसायनिनचा नाश लवकर करतं, त्यामुळे बाटलीत भरून ठेवलेल्या सरबताचा रंग ओसरत जातो.

औषधाच्या बाजूला पहिला गोंधळ नावाचा. चरकाने ‘मेध्या विशेषेण च शङ्खपुष्पी’ म्हटलं, म्हणजे बुद्धिवर्धक वनस्पतींत शंखपुष्पी श्रेष्ठ. केरळात गोकर्णीलाच शंखपुष्पी मानतात. उत्तरेत आणि आपल्या बाजारात शंखपुष्पी म्हणजे जमिनीलगत पसरणारी, फिकट फुलांची दुसरीच वनस्पती, तीही वेगळ्या कुळातली. तेव्हा एकीवरचा प्रयोग दुसरीच्या पाकिटावर छापणं ही दिशाभूल आहे. गोकर्णीच्या मुळाच्या अर्काने उंदरांची स्मरणशक्ती सुधारल्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते मुळाचे आहेत आणि उंदरांवरचे आहेत. फुलाचा चहा पिऊन दहावीच्या परीक्षेत लक्षात राहील, असा अर्थ त्यातून निघत नाही. चरबीचंही तसंच. अँथोसायनिन पोटातून रक्तात फार थोडंच जातं. ‘डिटॉक्स’चं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना निळ्या पाण्याची गरज नाही. फुलांचा रस डोळ्यात घालण्याचा सल्ला तर अजिबात ऐकू नये. घरी काढलेला रस निर्जंतुक नसतो आणि बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर दृष्टी जाऊ शकते.

परंपरेतलं मूळ आणि बी यांचं स्थान मात्र खरं आहे. दोन्ही रेचक आहेत, आणि बी चांगलंच तीव्र. वैद्य ते मोजूनमापून देतात. शेंगा कोवळ्या दिसतात म्हणून शेंगभाजी करून खाऊ नये. या वेलाच्या पाना-बियांत आणि फुलांतही सायक्लोटाइड नावाची प्रथिनं आहेत, साधारण तीस अमिनो आम्लांची, दोन्ही टोकं जोडून अंगठीसारखी वळलेली आणि आत तीन गंधक-बंधांनी गाठ मारलेली. या गाठीमुळे ती उकळून मोडत नाहीत आणि पाचक रसांनाही सहज दाद देत नाहीत. या गटातलं पहिलं प्रथिन मध्य आफ्रिकेतल्या एका वेगळ्या वनस्पतीत सापडलं. तिथल्या बायका प्रसूतीच्या कळा वाढवायला तिचा काढा घेत. वेलाला ही प्रथिनं किडीपासून वाचवतात, म्हणूनच ऑस्ट्रेलियात गोकर्णीच्या अर्काचं कीडनाशक कपाशीवर फवारलं जातं. युरोपने बोट ठेवलं ते याच सायक्लोटाइडवर. मलेशियात पिढ्यान्‌पिढ्या हा भात खाल्ला जातो, आणि अधूनमधून भातात, मोदकात, एखाद्या कपात फूल वापरायला निरोगी माणसाने भ्यायचं कारण दिसत नाही. पण गर्भारपणात हा चहा टाळावा, आणि रोज लोटाभर प्यायची सवय कुणीच लावून घेऊ नये.

बिया मात्र टाकू नका. वाळलेल्या तपकिरी शेंगेतून काढाव्यात. कवच टणक असल्याने तशाच पेरल्या तर बऱ्याचशा उगवत नाहीत. सँडपेपरवर एका बाजूने हलकेच घासून रात्रभर पाण्यात ठेवाव्यात आणि सकाळी ज्या फुगल्या असतील त्या सेंटीमीटरभर खोल पेराव्यात. न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात. वेलाला ऊन, चढायला जाळी आणि निचऱ्याची माती लागते. नत्रखताची गरज नसते, मुळांच्या गाठींतले जीवाणू ते हवेतून पुरवतात. उलट नत्र जास्त झालं तर पानंच माजतात. फुलं हवी असतील तोवर हिरव्या शेंगा काढत राहा. शेंगा धरल्या की वेल बी पोसायला लागतो आणि फुलं कमी होतात.